नखावरचा थेंब

बाळ रडत नव्हतं, आणि त्याचंच घरभर कौतुक चाललं होतं.

"गुणाची गं माझी चिमणी!" पाळण्याला हलकेच झोका देत सासूबाई म्हणाल्या. "चोवीस दिवसांची झाली, पण शेजाऱ्यांना पत्ता नाही की या घरात तान्हं बाळ आहे."

"आमच्या घराण्याचं वळणच शांत आहे," खिडकीजवळच्या खुर्चीतून सासरे म्हणाले.

"हो तर! तुमचा आवाज तेवढा कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत जातो, बाकी सगळं शांत."

सासरे हसले. सासूबाई हसल्या. सूनबाई मात्र हसली नाही. तिचं लक्ष बाळाच्या बाहीकडे होतं.

कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं ती कटिंगच्या टेबलावर उभी राहिलेली बाई. टेप न लावता अर्ध्या बोटाचा फरक तिच्या नजरेत भरायचा. बाळासाठी तिने स्वतःच्या हाताने पाच झबली बेतली होती. पहिल्या आठवड्यात बाहीत आणि दंडात एक बोट जाईल एवढी जागा होती. आता दोन बोटं सहज जात होती. बाळं वाढतात तसे कपडे आवळतात, ही जगाची रीत. तिच्या बाळाचे कपडे मात्र सैल होत चालले होते!

आणि ते रडणं. पहिल्या आठवड्यात चिमणी अशी टाहो फोडायची की कपाटातली भांडी थरथरावीत. मग मांजरीच्या पिलाएवढा आवाज उरला. आता भुकेच्या वेळी नुसतं तोंड उघडायचं. आतून काही यायचंच नाही.

"आई, हिला दवाखान्यात दाखवू या का?" तिने हळूच विचारलं.

"कशाला उगीच? लंगोट बघ की, तासाला एक भिजतोय. पोटात जातंय म्हणूनच बाहेर पडतंय ना!"

लंगोट भिजत होते, हे खरंच होतं. त्या ओल्या लंगोटांनीच सगळ्यांना गाफील ठेवलं होतं.

सासऱ्यांना सगळा भाग 'डिग्रीमास्तर' म्हणून ओळखायचा. कॉलेजची पायरी ते कधी चढले नव्हते. दूध संकलन केंद्रावर चाळीस वर्षं ते आलेलं दूध तपासायचे. काचेची नळी दुधात सोडायची, ती किती तरंगते ते बघायचं, आणि मोठ्याने डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, सांगायची, एवढंच त्यांचं काम. पण नळी लागायचीच कशाला? मास्तर किटलीत बोट बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि नख तिरकं करायचे. अस्सल दुधाचा थेंब रेंगाळतो, मागे पांढरी रेघ ठेवत सावकाश सरकतो. पाणी घातलेलं असलं की थेंब सुळकन ओघळतो आणि नख कोरडं ठणठणीत राहतं. "माणूस खोटं बोलेल, नख बोलणार नाही," असं ते म्हणायचे. या नखाने त्यांनी स्वतःच्या मावसभावालाही पकडलं होतं. तेव्हापासून मावसभाऊ घरी येत नाही, आणि मास्तर ते अभिमानाने सांगतात.

पण पाण्याहूनही त्यांना राग होता तो पावडरीचा. "पाणी घालणारा आळशी चोर," ते म्हणायचे, "आणि पावडर कालवणारा हुशार चोर. आळशी सुधारतो, हुशार कधीच नाही!" पातळ दुधात पावडर कालवून डिग्री वाढवणारे कितीतरी लोक त्यांनी केंद्रावरून परत पाठवले होते. पावडर म्हणजे लबाडी, ही गाठ त्यांच्या मनात अशी पक्की बसली होती की ती सोडवायचा विचारही कुणी केला नव्हता.

आणि नेमक्या त्याच घरात पावडर आली.

बाळंतपणात सूनबाईचं खूप रक्त गेलं होतं. दूध आलं ते थेंबाथेंबाने. माहेरी आई नव्हती, आणि नवरा दूर पुलाच्या कामावर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. सासूबाईंनी जीव तोडून केलं, पण जे अंगात नाही ते आणायचं कुठून? आठव्या दिवशी बाळांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दर वेळी आधी अंगावर पाजा. मग वर डब्याचं दूध द्या. लाजायचं काही कारण नाही." दुकानात शेळीच्या दुधापासून बनवलेला, नवजात बाळांसाठीचा डबा मिळाला. डॉक्टरांनी त्यावरचं सगळं वाचून बघितलं. "चालेल. गाईचं असो की शेळीचं, तान्ह्या बाळासाठीच बनवलेलं असलं म्हणजे झालं. फक्त डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेवढीच पावडर. ना कमी, ना जास्त. ऐकलंत ना?"

सूनबाईने मान हलवली. पण कान तिथे नव्हते. हा डबा घरात न्यायचा कसा, या एकाच विचाराने ती अर्धमेली झाली होती.

दारातच सासूबाईंनी डबा पदराखाली घेतला. "यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तू आत जा." मग दोघींनी मिळून सगळी पावडर एका जुन्या, कपड्यांना घालायच्या स्टार्चच्या डब्यात ओतली. पांढऱ्यात पांढरं, कुणाला काय कळणार? मूळचा डबा, त्यावरची चित्रं, कोष्टक, सूचना, सगळं चेचून कचऱ्यात गेलं. उरला तो मापाचा चमचा आणि दोघींच्या लक्षात राहिलेलं एकच वाक्य: तीस मिलीला एक चमचा.

"शेळीचं आहे ना? मग बरंच झालं," सासूबाई कुजबुजल्या. "शेळीचं दूध कसं हलकं असतं."

तेव्हापासून स्टार्चचा डबा शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर बसला. मास्तर अंघोळीला गेले, की बाटली तयार व्हायची. मास्तर फिरायला गेले, की बाटली तयार व्हायची. आपल्याच बाळाला दूध पाजायचं, तेही चोरासारखं!

तेराव्या दिवशी मास्तर फाटकात उभे राहून शेजाऱ्याशी बोलत होते. आत सूनबाईच्या कानावर शब्द पडत होते.

"आजकालच्या पोरींना नकोच असतं हो. डबा फोडला की मोकळ्या. आमच्याकडे तसलं पीठ चालत नाही. आमची नात अंगावरच्या दुधावर आहे. अहो, जी पाजते ती आई! नाहीतर नुसती बाळंतीण."

नुसती बाळंतीण. खिळा ठोकावा तसा तो शब्द तिच्या डोक्यात बसला.

त्या दुपारी तिने नव्वद मिली पाण्यात तीनऐवजी दोन चमचे टाकले. बाळाला थोडी भूक ठेवली तर ते अंगावर जास्त ओढेल, आणि ओढेल तसं दूध वाढेल. दूध वाढलं की हा चोरटा डबा एक दिवस फळीवरून खाली येईल. बाळाने ओढल्यावर दूध वाढतं, हे तिने ऐकलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अर्धं खरं हे फार फसवं असतं. उपाशी बाळाच्या अंगात ओढायची ताकद येणार कुठून, एवढी साधी गोष्ट त्या बिचारीला सुचली नाही. टेबलावर एक बोट कमी कापलं तर अख्खा गठ्ठा वाया जातो, हे अकरा वर्षं नवख्या मुलींना शिकवणारी ती! आणि घरी मात्र रोज एक चमचा कमी कापत होती.

चोविसाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने बाळाला मांडीवर घेतलं. बाटली अर्धी झाली, आणि बाळाने तोंडातलं रबरी बूच सोडलं. डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. खालचा ओठ थरथरला. मग उजवा हात झटके देऊ लागला, कुणीतरी दोरीने ओढावा तसा.

"आई! आई, बघा ना हिला काय होतंय!"

सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. मास्तर अर्ध्या दाढीने बाहेर आले, एक गाल साबणाने पांढरा. बाळाकडे बघताच त्यांनी टॉवेल फेकला आणि अनवाणी रस्त्यावर जाऊन समोरून येणारी रिक्षा अडवली.

 रिक्षात सूनबाई फक्त बाळाच्या छातीकडे बघत होती. ती वर गेली की तिला खाली येण्याची भीती वाटायची, आणि खाली आली की वर न जाण्याची. सासूबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या, आणि मधेच दुसरं काहीतरी पुटपुटत होत्या. "माझं चुकलं असेल तर मला शिक्षा दे. तिला नको. तिला नको."

दवाखान्यात बाळ हातांवरून हातांवर गेलं. पाढे म्हणावेत तसे आकडे ऐकू येत होते. "वजन दोन किलो सातशे." "जन्माचं?" "तीन किलो." तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. झटका थांबवायचं औषध दिलं गेलं. दोन सिस्टर इवल्याशा पायात शीर शोधत होत्या, आणि शीर सापडत नव्हती.

तरुण डॉक्टर भराभर विचारत होते. "ताप होता? उलटी? पडली होती? काय पाजता तिला?"

सूनबाईने तोंड उघडलं. पण तिच्या आधी मास्तर बोलले. "अंगावरचं. नुसतं आईचं. आमच्या घरात डबा आलेला नाही, डॉक्टर. तसलं काही नाही."

"नक्की? वरचं काहीच नाही? पाणी वगैरे?"

"मी दुधातला माणूस आहे. चाळीस वर्षं!"

डॉक्टरांनी मान हलवली. "मग मेंदूपर्यंत जंतू पोचलेत का, तेच आधी बघावं लागेल. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढू. रक्ताचे रिपोर्ट यायला वेळ आहे, तोवर थांबून चालणार नाही. इथे सही करा."

कागद सूनबाईसमोर आला. पेन हातात आलं. तिने सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी किंचित मान हलवली, बोलू नको. त्या नकारात दुष्टपणा नव्हता, तीस वर्षांचा धाक होता.

आता काय करावं तिने? बोलावं, तर सासरा उभ्या जन्मात क्षमा करणार नाही. न बोलावं, तर ती लांब सुई त्या तळहाताएवढ्या पाठीत जाईल, आणि खरा रोग तसाच राहील. ती नुसती बाळंतीण ठरेल. ठरू दे! देवा, ठरू दे एकदाची, पण माझी चिमणी राहू दे!

"खोटं आहे हे!" ती ओरडली. पेन खाली पडलं. "बाबा, खोटं आहे! मला दूध पुरत नाही. सोळा दिवस झाले, मी तिला डब्याचं देतेय. आणि… आणि मी ते पातळ करून देतेय. तीन चमच्यांना दोनच. मीच मारलं तिला, डॉक्टर! मीच!"

पायात शीर शोधणारे हातही क्षणभर थांबले.

सगळ्यांत वयस्क सिस्टर पुढे आल्या. मागून सगळे त्यांना 'मोठ्या सिस्टर' म्हणत. पांढऱ्या केसांच्या, बुटक्या, आवाज मऊ पण ठाम. "बाटली आणलीयस?"

पिशवीतून बाटली निघाली. सकाळचं दूध अजून तळाशी होतं. सिस्टर हात पुढे करणार तोच मास्तरांनी ती घेतली. चेहऱ्यावर अर्धी दाढी, सुकलेला साबण, आणि डोळ्यांत काय होतं ते कुणाला वाचता आलं नाही. त्यांनी बाटली कलती केली. एक थेंब अंगठ्याच्या नखावर पडला. नख तिरकं झालं.

थेंब सुळकन ओघळला. नख कोरडं ठणठणीत.

"आणखी आहे," मास्तर म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "एका चमच्याचं पाणी नाही हे. चाळीस वर्षांत एकानेही पहिल्याच दमात सगळं पाणी कबूल केलेलं नाही. आणखी आहे. कोणी घातलंय?"

"मी नाही हो बाबा! बाळाची शपथ, एकच चमचा…"

"तुला नाही विचारत."

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिथेच त्या हळूहळू खाली बसल्या.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "ती बाटली करून ठेवायची आणि कपडे बदलायला जायची. मी बघायचे तर ते किती दाट! मला वाटलं, शेळीचं दूध असं नसतं. लहानपणी पाहिलंय मी, कसं पातळ असतं ते. एवढ्याशा पोटाला जड जाईल म्हणून मी वरच्या, एकशेवीसच्या रेघेपर्यंत कोमट पाणी भरायचे. उकळलेलं हो, गाळलेलं! गार होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळून हिच्या हातात द्यायचे, म्हणून हिलाही दिसलं नाही. मला वाटलं, मी चांगलंच करतेय." आणि त्यांना रडू फुटलं.

सिस्टरांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "नव्वदला तीनऐवजी दोन. त्यावर पुन्हा तीस पाणी. म्हणजे अर्ध्या ताकदीचं. दहा-अकरा दिवस." त्या गर्रकन वळल्या. "डॉक्टर, हिच्या रक्तातलं मीठ उतरलं असणार. सोडियम आधी! लॅबला फोन करा, तोच आकडा पहिला मागवा. मणक्याची सुई थांबवू या का?"

"थांबवा!" डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हात पुन्हा हलू लागले.

आकडा आला. सिस्टरांचं म्हणणं खरं ठरलं. नुसतं पाणी पिऊन पिऊन त्या जीवाच्या रक्तातलं मीठ इतकं खाली गेलं होतं की मेंदूला सूज येऊ लागली होती. शिरेतून मीठ द्यायचं, तेही अगदी सावकाश, घाई केली तर उलटा धोका. "पुढचा दीड दिवस काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

बाहेर एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला सूनबाई, दुसऱ्या टोकाला सासूबाई, आणि मधे कुणीच नाही. मास्तर समोरच्या भिंतीजवळ उभेच होते. दुपार झाली. कुणी पाणी प्यायलं नाही. पाण्याचं नाव काढायचीही तिघांना भीती वाटत होती.

शेवटी मास्तर बोलले, पण सुनेशी नाही. बाटल्यांचा ट्रे घेऊन चाललेल्या मोठ्या सिस्टरांना त्यांनी थांबवलं. "सिस्टर, माझ्या ओळखीचा एक शेळीवाला आहे. माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं, धारोष्ण, एक थेंब भेसळ नाही असं आणतो. तिला ते द्या. ही पावडर नको. पावडरीनेच घात केला."

सिस्टरांनी ट्रे बाकावर ठेवला. "पावडरीने नाही केला, आजोबा. शेळीचं ताजं दूध उत्तम असतं, पण कुणासाठी?"

"म्हणजे?"

"तिच्या करडासाठी. करडू जन्मल्यावर तासाभरात पायांवर उभं राहतं. आपलं बाळ वर्षभर चालतही नाही. दोघांचं अंग वेगळं, गरज वेगळी. ताज्या शेळीच्या दुधातले क्षार नवजाताच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत. रक्त तयार व्हायला जे जीवनसत्त्व लागतं, ते त्यात पुरेसं नसतं. म्हणून तेच दूध घेऊन, जास्त आहे ते कमी करून, कमी आहे ते घालून, बाळाच्या मापाने बेतलेलं असतं या डब्यात."

'बेतलेलं' हा शब्द ऐकून सूनबाईने पहिल्यांदा मान वर केली. ताग्यातलं कापड आणि अंगाबरोबर बसणारं झबलं यांतला फरक तिला कुणी शिकवायला नको होता. तिने ते बेतलेलं दूध फाडून पुन्हा चिंधी केलं होतं.

"आईचं दूध मिळेल तेवढं पाजावंच," सिस्टर पुढे म्हणाल्या. "त्याला तोड नाही. मीही दिवसभर तेच सांगते. पण कुठे पुरत नाही, कुठे आई आजारी, कुठे आईच नाही. तिथे हे मापात दिलेलं दूध म्हणजे लबाडी नाही, आजोबा. तिथे ते जीवन आहे."

"मी पावडरीचा राग धरला तो भेसळ म्हणून," मास्तर पुटपुटले.

"तुमचा राग दुधाच्या केंद्रावर बरोबर होता. तो तुम्ही घरी घेऊन आलात, तिथे चुकलं." सिस्टर क्षणभर थांबल्या. "डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. किती पाणी, किती पावडर, वरून पाणी घालू नका, हेसुद्धा. या दोघींनी तो डबा का फेकला असेल?"

 मास्तरांनी आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघितलं.  मग ते चालत आले आणि बाकावर मधल्या रिकाम्या जागेत बसले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सून.

"जन्मभर मी लोकांना विचारलं, पाणी कुणी घातलं," ते म्हणाले. "लोभाने घालणारे पाहिले. आळसाने घालणारे पाहिले. माझ्या स्वतःच्या घरात ते भीतीने घातलं गेलं, आणि ती भीती माझी. मग पाणी घातलं कुणी? मीच ना!"

"असं नका म्हणू हो," सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

"म्हणू दे. आज तरी नखाचं ऐकू दे." मग ते सुनेकडे वळले. तिच्याशी नीट डोळ्याला डोळा भिडवून ते चोवीस दिवसांत पहिल्यांदाच बोलत होते. "पोरी, फाटकात मी काहीतरी बोललो होतो. जी पाजते ती आई. तू ऐकलंस ना ते?"

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सगळ्यांसमोर सासऱ्याला खोटं पाडलंस, बाळासाठी. तूच आई. माझे शब्द मी परत घेतो."

माफीचे शब्द ऐकूनही तिच्या छातीवरचा दगड हलला नाही. दाराआड चिमणी अजून हालत नव्हती. माफी मिळाल्याने मीठ चढत नाही. ती संध्याकाळ गेली, मग सकाळ गेली. पुलावरून निघालेला बाळाचा बाप धुळीच्या कपड्यांनिशी पोचला आणि तोही त्याच बाकावर बसला. सूनबाईच्या ओठांवर दुसरी प्रार्थना नव्हती. रडू दे तिला, देवा. एकदा तरी रडू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला. आधी कुरकुर. मग हुंदके. मग एक लांब, संतापलेला, हक्काचा टाहो!

मास्तर ताडकन उठले. "रडतेय! ऐकलंत का, रडतेय ती!" ज्या माणसाने बाळाच्या शांतपणाचं कौतुक केलं होतं, तोच आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला होता. "आमची नात आहे ती! घराण्याचं वळणच मोठ्या आवाजाचं!"

मोठ्या सिस्टरांनी दार उघडून चौघांनाही आत घेतलं. "बाईसाहेब चिडल्यात. भूक लागलीय त्यांना." त्यांनी बाळाला आधी आईच्या अंगावर लावलं. मग टेबलावर नवा डबा ठेवला, शेळीच्या दुधाचाच, आणि म्हणाल्या, "आता ही बाटली कोण करणार?"

सूनबाईने बाळाला आणखी घट्ट धरलं. सासूबाईंनी आपले हात पाठीमागे घेतले होते. "मी करतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि डबा फिरवून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं. हात धुतले. उकळून ठेवलेलं पाणी आधी, नव्वदच्या रेघेपर्यंत, डोळा रेघेच्या पातळीत आणून. मग चमचा भरला आणि सुरीच्या सरळ पाठीने वरचं सपाट केलं. एक. दोन. तीन.

"बघा गं दोघी," ते म्हणाले. "तीन."

बाळाने बाटली संपवली, आणि आणखी हवं म्हणून पुन्हा टाहो फोडला. ते ऐकून सासूबाई रडता रडता हसल्या.

त्या घरात आज डबा फळीवर सगळ्यांत पुढे असतो, आपल्या मूळ नावानिशी. स्टार्चच्या जुन्या डब्यात आता स्टार्चच असतं. परवा फाटकात शेजाऱ्याने नेहमीसारखं विचारलं, "काय मास्तर, नात अंगावरच्याच दुधावर ना?"

"आईचंही आणि डब्याचंही," मास्तर मोठ्याने म्हणाले, सलूनपर्यंत ऐकू जाईल असं. "दोन्ही मापात. तुमच्या सुनेला पुरत नसेल तर लपवायला लावू नका. इकडे पाठवा, चमचा कसा सपाट करायचा ते मी शिकवतो."

बाटली तयार झाली की ते अजूनही एक थेंब नखावर घेतात. तो आता ओघळत नाही. मागे पांढरी रेघ ठेवत, सावकाश सरकतो. आणि झबली? पाचपैकी तीन दंडात घट्ट झाली म्हणून सूनबाईने कात्री काढली आहे. एवढ्या आनंदाने तिने आजवर कुठलंच कापड कापलं नसेल.

बंधुभगिनींनो, बाळाच्या दुधात पाणी बाटलीत पडण्याआधी घरात पडतं. कुणाच्या टोमण्यातून, कुणाच्या धाकातून, कुणाच्या कानोकानी आलेल्या अर्ध्या माहितीतून. आई कोणतं दूध पाजते यावर तिचं आईपण मोजू नका. मोजायचं असेल तर पाणी मोजा, पावडर मोजा, बाळाचं वजन मोजा. आणि आपल्या घरातल्या आईला एवढं निर्भय ठेवा, की तिला डबा लपवावा लागणार नाही, आणि डब्यावरचं वाचायला लाज वाटणार नाही.